अक्षरांच्या आधीचा कागद

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात, ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, एक बालवाडी भरते. तेथील ताईंनी गेल्या पावसाळ्यानंतर मुलांकडून कागद करवून घेतला. कागदाची होडी, टोपी, भिरभिरे असे काही नव्हे, कागदच. आदल्या दिवशी मुलांनी जुनी वर्तमानपत्रे फाडून घमेल्यात भिजत घातली. दुसऱ्या दिवशी तो लगदा हातांनी कुस्करला, ताईंनी तो घरून आणलेल्या मिक्सरमधून फिरवला, आणि मग पसरट टबातल्या पाण्यात ढवळून, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेल्या डासांच्या जाळीने एकेका मुलाने आपापला ताव उचलला. जुन्या धोतराच्या तुकड्यावर तो उलटा करायचा, वरून दुसरा तुकडा ठेवून लाटण्याने पाणी काढायचे आणि उन्हात ठेवायचा, एवढीच कृती. मी ग्रंथालयात जाता जाता थांबलो होतो. साडेचार वर्षांची एक मुलगी घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून बराच वेळ काहीतरी चाचपत होती. तिने वर पाहून विचारले, "ताई, यातली अक्षरं कुठं गेली?"

ताईंनी उत्तर दिले नाही. "शोध बरं," एवढेच म्हणाल्या. मी मात्र तो प्रश्न घेऊन वर्गावर गेलो. एम.ए.च्या वर्गाला त्या दिवशी पाठचिकित्सा शिकवायची होती: पोथ्यांची परंपरा, पाठभेद, लेखकाचे हस्तदोष, प्रक्षेप. हा विषय मी बरीच वर्षे शिकवतो आहे, पण ज्यावर हे सारे घडले त्या कागदाविषयी वर्गात दहा मिनिटे सलग बोलल्याचे मला आठवेना. आपल्यासाठी, म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी, कागद ही अक्षरांची जागा असते. तो स्वतः काही असतो हे आपल्याला पोथी हातात तुटते तेव्हाच कळते. त्या मुलीच्या बाबतीत उलटे होते. तिला अक्षरे वाचता येत नव्हती, ती कागदात असतात एवढेच ठाऊक होते, आणि कागद तिच्या बोटांना पुरेपूर कळत होता.

आपल्या परंपरेत असे अज्ञान नेहमीच होते असे नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळे, सरळ, सुटे असावे इत्यादी सूचनांमुळे शुद्धलेखनाच्या संदर्भात त्याची आठवण काढली जाते. पण त्यात समर्थ अक्षरांच्या बरोबरीने सामग्रीचाही विचार करतात, आणि एक सूचना अशी करतात की ती कागद हाताळणाऱ्यालाच सुचावी: पानाच्या चारी बाजूंना जागा मोकळी सोडावी, मजकूर मधे लिहावा, म्हणजे पुढे कागद कडांनी झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. समासाची ही व्याख्या सौंदर्याची नाही, झिजेची आहे. कागद झडणार हे गृहीत धरून ग्रंथ लिहायचा, ही दृष्टी आज आमच्या किती संशोधकांना असेल याची मला शंका आहे. असो.

समर्थांच्या काळी महाराष्ट्रात कागद होत होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा आपला उगम महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दक्षिणेत आणली त्या घटनेशी जोडते. जुन्नरचा कागद तर दप्तरांतून इतका वापरला गेला की 'जुन्नरी' हे कागदाचेच नाव झाले. कागदी हे आडनाव त्या धंद्याची खूण म्हणून उरले आहे. या कारागिरांची कृती आणि बालवाडीतली कृती शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. जुन्या चिंध्या, सुतळ्या, गोणपाट, तागाचे तंतू आणि रद्दी कागद चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, पायाने चालवायच्या जड लाकडी मुसळाने कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, पुन्हा कुटायचे. मग हौदातल्या पाण्यात तो लगदा कालवून गवताच्या काड्यांची बारीक चटई चौकटीत बसवून बुडवायची आणि दोन्ही हातांनी आडवी, एकसारखी उचलायची. पाणी गळून जाते, तंतू राहतात. ताव एकावर एक रचून दाबायचे, भिंतीला चिकटवून वाळवायचे, त्यांना खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. या शेवटच्या दोन क्रिया नसत्या तर बोरूची शाई कागदावर फुटली असती. बालवाडीत त्या दोन्ही गाळल्या होत्या. त्याचा परिणाम मी पुढे भोगला, तो यथावकाश सांगेन.

येथे एक गोष्ट नजरेत भरते. जुन्नरचे किंवा दौलताबादचे मूल हौदाशी वाढले असेल, पण त्या कागदावर गिरवणारे मूल मात्र फार उशिरा कागदापाशी पोचत असे. मराठी मुलाची अक्षरओळख धुळीत होत होती. लाकडी फळीवर धूळ पसरायची आणि काडीने किंवा बोटाने गिरवायचे. धुळाक्षरे हा शब्द प्रारंभाचा वाचक झाला तो यातूनच. धूळपाटीनंतर दगडी पाटी आली, आणि हात बसला, कित्ता वळणदार येऊ लागला की मग कागद. कागद महाग होता हे त्याचे पहिले कारण. पण महागाईतून एक आचारधर्मही तयार झाला. कागदाला पाय लागला की नमस्कार करायचा, पान फाडायचे नाही, पाठकोरे कागद जपून शिवून त्यांची वही करायची. 'पाठकोरा' या आपल्या शब्दात काटकसर आणि आदर यांचे जे मिश्रण आहे ते मला फार आवडते. पण त्यामुळे लहान मूल आणि कागद यांच्यात एक अंतर राहिले, हेही खरे. कागद ही कमवायची गोष्ट होती, चाचपायची नव्हे.

या धूळपाटीचा एक परदेशप्रवास नोंदवण्याजोगा आहे. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. आसपासच्या देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढतात आणि मोठी मुले लहानांना शिकवतात हे त्याने पाहिले आणि आपल्या शाळेत लागू केले. १७९७ मध्ये लंडनला त्याने या प्रयोगाविषयी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांतून वाळूची पाटी रूढ झाली. म्हणजे ज्या शतकाच्या प्रारंभी आपली धूळ युरोपात गेली, त्याच शतकाच्या अखेरपर्यंत युरोपच्या बालशाळेतला कागद आपल्याकडे येणार होता.

तो कागद फ्रीड्रिख फ्रोबेलचा. १७८२ मध्ये जन्मलेला, आईवाचून वाढलेला हा जर्मन शिक्षक तरुणपणी बर्लिनला स्फटिकशास्त्राच्या अभ्यासात रमला होता. निसर्गातली प्रत्येक वस्तू काही नियमाने आतून घडत जाते, ही त्याची श्रद्धा तेथे पक्की झाली. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला बालकांची बाग या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. लोकरीचा चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल, ठोकळे ही त्याची 'देणगी' म्हणून ओळखली जाणारी साधने प्रसिद्ध आहेत. त्यांच्यापुढे 'उद्योग' येतात, आणि त्यांत कागद सर्वत्र आहे: कागदाला टाचणीने भोके पाडणे, रंगीत पट्ट्या विणणे, कातरणे, घड्या घालणे. एका चौरस कागदाच्या घड्यांतून तीन प्रकारची रूपे निघतात असे फ्रोबेल मानीत असे. जीवनरूपे, म्हणजे होडी, घर, पक्षी. सौंदर्यरूपे, म्हणजे सममित फुले आणि नक्षी. आणि ज्ञानरूपे, म्हणजे त्रिकोण, अर्ध, पाव. एकाच तावातून कथा, अलंकार आणि शास्त्र! आमच्या काव्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या त्रयीकडे कधी पाहिले नाही याचे मला नवल वाटते.

फ्रोबेलच्या हयातीतच कागदाचे रूपही बदलत होते. फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने १७९९ मध्ये सलग कागद करणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले होते. १८४० च्या दशकात फ्रीड्रिख केलर या सॅक्सनीतल्या विणकराने लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करण्याची रीत काढली. चिंध्यांची टंचाई हा युरोपातल्या कागदकारांचा शतकाचा रोग होता, त्यावर हा उतारा सापडला आणि कागद स्वस्त होत गेला. मुलाच्या हाती कागद द्यावा, तो त्याने दुमडावा, कापावा आणि चुकला तर टाकून दुसरा घ्यावा, ही कल्पना युरोपभर पसरली ती याच दशकांत. शिक्षणाच्या इतिहासात विचारवंतांची नावे येतात, लगद्याची येत नाहीत. पण चिंध्यांच्या काळात किंडरगार्टनचा कागदाचा तास परवडला असता का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

फ्रोबेलच्या बालवाड्यांवर प्रशियाने १८५१ मध्ये बंदी घातली, ती १८६० पर्यंत टिकली. चार वर्षांच्या मुलांच्या घडीकामात सरकारला कोणता नास्तिकपणा दिसला कोण जाणे! बंदीने त्याचे शिष्य देशोदेशी पांगले आणि पद्धत पसरली. १८७६ मध्ये तोक्योच्या स्त्री-अध्यापिका विद्यालयाला जोडून किंडरगार्टन निघाले. जपानला घडीकामाची स्वतःची परंपरा होतीच, तिच्याशी ही जर्मन रीत मिसळली आणि आज आपण ज्याला ओरिगामी म्हणतो त्याच्या शालेय रूपात दोन्ही आहेत.

भारतातला धागा याहून अनपेक्षित आहे. मद्रास इलाख्यातले महसूल अधिकारी टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासला इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. विषय, कागदाच्या घड्यांतून भूमिती. कल्पना किंडरगार्टनच्या आठव्या देणगीवरून, म्हणजे घडीकामावरून सुचली, असे ते सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगतात. कंपास नाही, पट्टी नाही. एक चौरस कागद घ्यायचा आणि घडी घालीत जायचे. त्यातून समभुज त्रिकोण, पंचकोन, श्रेढीच्या बेरजा आणि अखेर अन्वस्त, विवृत्त यांसारख्या वक्रांवरचे बिंदूसुद्धा! फेलिक्स क्लाइन या थोर जर्मन गणितज्ञाने त्या पुस्तकाचा उल्लेख केला, त्यामुळे ते पाश्चात्त्यांच्या नजरेत आले आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. बालवाडीतला तास एका भारतीय अधिकाऱ्याच्या हातून गणिताचा ग्रंथ होऊन पुन्हा पश्चिमेला गेला. बेलच्या वाळूसारखाच हाही फेरा, पण आमच्या प्रबोधनाच्या इतिहासांतून तो मला फारसा भेटला नाही.

मात्र या पद्धतीचे पुढे जे झाले तेही सांगितले पाहिजे. फ्रोबेलच्या अनुयायांनी त्याच्या घड्यांची कवायत केली. बाईंनी सांगायचे, साऱ्या वर्गाने एकाच वेळी कोपरा कोपऱ्याला लावायचा. क्रम ठरलेला, रंग ठरलेले, निष्पत्ती ठरलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतच फ्रोबेलपंथी शिक्षिकांमध्ये यावरून फूट पडली. मूल कागदाशी खेळते आहे की कागद मुलाला वळण लावतो आहे, असा तो वाद होता.

मारिया माँटेसरी यांनी या वादात एका फटकाऱ्याने निकाल दिला. त्यांच्या पद्धतीवरचा मूळ इटालियन ग्रंथ १९०९ चा. हस्तव्यवसायाच्या प्रकरणात त्या फ्रोबेलचे पुठ्ठ्यावरचे विणकाम आणि शिवणकाम नाकारतात, कारण लहान मुलाच्या डोळ्यांवर त्याचा ताण येतो. आणि कागदाच्या घड्यांविषयी त्यांचे म्हणणे असे की तो हाताचा व्यायाम आहे, काम नव्हे. त्यांना हवी होती माती. मुलांनी छोट्या विटा पाडाव्यात, भांडी घडवावीत, त्या विटांची भिंत रचावी. म्हणजे जगात उपयोगी पडणारी, मानवजातीने प्रारंभी केलेली वस्तू मुलाच्या हातून व्हावी.

माँटेसरींचा हा भेद मला पटतो आणि तरी त्यांचा निकाल अपुरा वाटतो. त्यांनी कागद पाहिला तो तयार, कापलेला, चौरस कागद. त्याचे घडीकाम हा व्यायाम असेलही. पण कागद करणे हे त्यांच्याच कसोटीने काम आहे: त्यात माती आहे तसा लगदा आहे, पाणी आहे, वाट पाहणे आहे, आणि शेवटी एक उपयोगी वस्तू आहे. विटेइतकीच ती मानवजातीच्या कामाची. इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन या चिनी दरबारी अधिकाऱ्याने सम्राटाला जी कृती सादर केली तिच्यात झाडांच्या साली, ताग, चिंध्या आणि कोळ्यांची जुनी जाळी होती. त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे आता उत्खननात मिळाले आहेत, म्हणजे तो संशोधक नसून संस्कर्ता असावा. काही असले तरी मासेमारीचे टाकाऊ जाळे भिजवून कुटणे हे चार वर्षांच्या मुलालाही कळेल असे काम आहे.

ताईंच्या वर्गात याचा एक पुरावा मला मिळाला. फाडण्याच्या दिवशी मुलांमध्ये भांडण झाले. एकाच्या पट्ट्या सरळ फाटत होत्या, दुसऱ्याच्या वाकड्यातिकड्या. "माझा पेपर खराब आहे," अशी तक्रार. ताईंनी त्याला कागद फिरवून धरायला सांगितला आणि त्याच्याही पट्ट्या सरळ निघू लागल्या. यंत्राच्या धावत्या जाळीवर लगदा पडतो तेव्हा बहुतेक तंतू धावेच्या दिशेने लोळतात. म्हणून वर्तमानपत्र उभे सुरळीत फाटते, आडवे फाडू जाता भलतीकडे जाते. पुढे मुलांनी स्वतःचा वाळलेला कागद फाडून पाहिला, तर तो कसाही फिरवला तरी सारखाच वेडावाकडा. रोबेरच्या यंत्राने कागदाला दिशा दिली, हातकागदाला ती नव्हती. हा कागदाच्या इतिहासातला एक मोठा भेद त्या मुलाने भांडणातून शोधला, आणि मला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याच्या शेजारी उकिडवे बसून कळला.

महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवणाऱ्यांनी साधनांचा विचार कसा केला हे येथे आठवते. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांच्या सहवासात भावनगरला माँटेसरी पद्धती शिकल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्या अनुताई वाघांसह बोर्डीला गेल्या, आणि नंतर काम कोसबादच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची आयात साधने खेड्यात आणि आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने, काड्या, माती ही परिसरातली साधने त्यांनी आणली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात नेली, अंगणवाडी या शब्दाचा जन्म त्यातला. त्या काळी पाड्यावर सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती असेल तर ती कागद. ज्या शिक्षणात शिंपला सहज मिळतो आणि कागद मिळत नाही, तेथे 'कागद हे साधन' हा विचार वेगळ्याच पायावर उभा राहतो.

त्याच डहाणू तालुक्यातला एक मुलगा लहानपणी आई गेल्यावर बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रे काढून सांगू लागला. तो मुलगा म्हणजे जिव्या सोमा मशे, १९३४ मध्ये जन्मलेले आणि २०१८ मध्ये निवर्तलेले वारली चित्रकार. वारली चित्रे लग्नात भिंतीवर स्त्रिया काढीत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद नेला, आणि मशे यांची चित्रे भिंतीवरून कागदावर उतरून जगभर गेली. धूळ, भिंत, कागद, असा त्यांचा प्रवास. त्यात कागद सर्वांत शेवटी आला याला एक अर्थ आहे: हात आधीच तयार होता.

दुसरा धागा वर्ध्याचा. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याच्या उद्योगांत हातकागद होता. गिरणीच्या आणि आयात कागदापुढे जुन्नर, दौलताबादचे हौद कोरडे पडत आले होते, आणि हातकागद तुरुंगांतून कैद्यांकडून करवून घेण्याच्या पायरीला आला होता. के. बी. जोशी यांनी या उद्योगाचे शास्त्र बसवले. १९४० मध्ये पुण्यात हातकागदाची संशोधन संस्था निघाली ती त्यांच्याच प्रयत्नांतून. जोशींच्या कागदनिर्मितीवरील पुस्तकाला भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी चीनपासून भारतापर्यंतच्या कागदाच्या प्रवासावर एक लेख जोडून दिला आहे. संस्कृत हस्तलिखितांत आयुष्य घालवलेला संशोधक आणि लगद्याच्या हौदाशी उभा असलेला तंत्रज्ञ एका पुस्तकात शेजारी येतात, याला मी आपल्या वाङ्मयीन इतिहासातली घटना मानतो. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमचा विस्तार होऊन तीत सात वर्षांखालील मुलांचे 'पूर्व बुनियादी' शिक्षणही आले. हाताने करीत शिकणे हे तत्त्व असे अगदी लहान मुलांपर्यंत पोचले. गांधीजी स्वतः पाठकोऱ्या कागदांवर लिहीत, हे सर्वांना ठाऊक आहेच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. अक्षरे कुठे गेली?

याचे एक उत्तर रासायनिक आहे. अक्षरे कोठेही जात नाहीत. शाईचे काळे कण लगद्यात विखुरतात आणि नवा कागद करडा होतो. गॉटिंगेनचा कायदेपंडित युस्टुस क्लाप्रोट याने १७७४ मध्ये छापील कागदातून शाई काढून पुन्हा पांढरा कागद करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १८०० मध्ये लंडनला माथियास कूप्स याने त्याच कामाचे एकस्व घेतले. वाचून झालेले पुस्तक कोरे करण्याचा हा उद्योग पुस्तकांच्या जर्मनीत एका कायदेपंडिताने सुरू करावा, यात थोडी गंमत आहे.

दुसरे उत्तर जुने आहे. नवव्या शतकात जपानचा सम्राट सेइवा वारला. त्याची पत्नी फुजिवारा नो तामिको हिने त्याची आपल्याला आलेली पत्रे गोळा केली, भिजवून त्यांचा पुन्हा कागद करवला आणि त्यावर सद्धर्मपुंडरीक सूत्र लिहिले. तत्कालीन इतिवृत्तात तिच्या मृत्यूच्या नोंदीत, ८८६ मध्ये, हे आले आहे. अशा कागदाला शाईमुळे फिकट करडा रंग येई, आणि जपानीत त्याला पातळ शाईचा कागद अशा अर्थाचे नाव आहे. तामिकोला शाई काढून टाकायची नव्हती. मृताचे अक्षर वाचता येऊ नये, पण ते कागदात असावे, एवढ्यासाठीच तर तो कागद होता. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही संहितेची हत्या झाली. पण एखादे लेखन जपण्याचा हाही एक मार्ग असू शकतो, असे मी आता वर्गात सांगतो, आणि विद्यार्थी माझ्याकडे संशयाने पाहतात.

हे सारे लिहिण्याचे तात्कालिक कारण वेगळे आहे. बालवाडीच्या पालकांपैकी काहींनी तक्रार केली. मुले ओल्या बाह्यांनी घरी येतात, आणि आठवड्याच्या शेवटी हाती काय, तर एक करडा, खडबडीत, कडा फाटलेला तुकडा, ज्यावर काही लिहिताही येत नाही. शेजारच्या बालवाडीत एका संचातल्या छापील वर्कशीट असतात. सफरचंद लाल रंगवायचे, तुटक रेघांवरून अक्षर गिरवायचे. महिन्याला गठ्ठा घरी येतो आणि मूल शिकते आहे हे दिसते. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयाच्या मुलांना ठरावीक पाठ्यपुस्तके नसावीत असे म्हटले आहे, पण सुट्या छापील पानांचा गठ्ठा म्हणजे न शिवलेले पाठ्यपुस्तकच, हे कोणी बोलत नाही. व्यवस्थापनाने ताईंना विचारणा केली आणि कागदाचा तास तूर्त थांबवला. ताईंनी मला गाठले. "सर, तुम्ही मराठीचे. तुमच्या शब्दांत अर्धं पान लिहून द्या," म्हणाल्या.

पालकांची बाजू मला खोटी वाटत नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना कागद मिळाला नव्हता. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी पाटीसुद्धा नव्हती, त्या घराला छापील पानांचा गठ्ठा म्हणजे काय वाटत असेल हे मला, शाळेत पाठकोऱ्या वह्या वापरलेल्या माणसाला, समजू शकते. आणि कागद फाडायचा, भिजवायचा, तुडवायचा, हे त्याला पाय लागल्यावर नमस्कार करणाऱ्या आजीला कसे रुचावे? माझे म्हणणे इतकेच की वर्कशीटवरचा कागद मुलाच्या नजरेतून नाहीसा झालेला असतो. तेथे रेघ दिसते, सफरचंद दिसते, बाईंची बरोबरची खूण दिसते. फ्रोबेलच्या अनुयायांच्या कवायतीत निदान कागद कोपऱ्याला कोपरा लागताना कुरकुरत तरी होता.

अर्ज लिहायला बसलो तेव्हा तो मुलांच्याच कागदावर लिहावा असे मनात आले. ताईंनी एक बरासा ताव दिला. त्यावर एका कोपऱ्यात मिक्सरमधून वाचलेला 'ळ' हा अक्षराचा तुकडा स्पष्ट दिसत होता; तो त्या मुलीने शोधून दाखवल्यावर वर्गात सर्वांनी आपापल्या कागदात अक्षरे शोधण्याचा सपाटा लावला होता म्हणे. मी शाईचे पेन घेऊन 'माननीय' लिहिले. 'मा'चा काना टिपकागदावर पसरावा तसा पसरत 'न'ला जाऊन मिळाला. खळ नाही, घोटणी नाही. जुन्नरच्या कारागिरांनी हसावे अशी माझी फजिती. ताईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी तांदळाची पेज लावून बघू, मुलांना चिकट आवडतं."

अर्ज अखेर गिरणीच्या कागदावर छापून दिला. दीड पान झाला. उत्तर अजून आलेले नाही.